डॉक्टर हाये का?

(जिल्ह्यातल्या बचत गटांच्या आणि महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांच्या यवतमाळ इथल्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघात होतं तसंच ठेवलं आहे.)



मला विषय दिला आहे ‘प्राथमिक आरोग्यसेवा आणि फॅमिली डॉक्टरांची कमतरता’. विषय जाहीर झाल्याबरोबर मागच्या रांगेतल्या दोघी चहाला उठल्या, ते मी पाहिलं. त्यांचं काही चुकलं नाही. विषय सरकारी परिपत्रकासारखा वाटतो खरा. म्हणून मी सुरुवात या पिशवीपासून करते.

ही कापड दुकानातली प्लॅस्टिकची पिशवी आहे. हिच्यात अकरा कागद आहेत. मारेगावच्या बाजूच्या एका बाईची ही पिशवी. आमच्या गटातली होती. आता ती नाही. तिच्या मुलीनं ही पिशवी माझ्याकडे आणून दिली आणि म्हणाली, “ताई, यात काय लिवलं हाये ते एकदा वाचून सांगा.” मी वाचून सांगितलं. तेव्हापासून ही पिशवी माझ्याकडेच आहे.

अकरा कागदांवर सात वेगवेगळी अक्षरं आहेत. बाई चाळिशीच्या आतली. पाळी नसताना अंगावरून जायचं, वास यायचा, कंबर दुखायची. पहिले सहा-सात महिने तिनं दुखणं अंगावर काढलं, म्हणजे त्याचा एकही कागद नाही. मग गावात मोटारसायकलवर येणाऱ्या सुईवाल्याकडून दोनदा सुई घेतली. त्यानं कागद दिला नाही, पण एका डबीच्या पुठ्ठ्यावर गोळ्यांचं नाव लिहून दिलं, तो पुठ्ठा आहे. मग प्राथमिक आरोग्य केंद्र. त्या दिवशी डॉक्टर मीटिंगला गेले होते. सिस्टरनं रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. पुन्हा गेली तर दुसरे डॉक्टर होते, त्यांनी पाच दिवसांचं औषध दिलं. मग तालुक्याला एक सलाईन, एक टॉनिक. मग सोनोग्राफी, ‘गर्भाशयाला सूज’. शेवटी एका खासगी दवाखान्यात सांगितलं की पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.

ऑपरेशनला पैसे नव्हते. आमच्या गटानं कर्ज मंजूर केलं. त्या ठरावावर माझी सही आहे. बाई वाचेल म्हणून आम्ही अगदी उत्साहानं सही केली.

आठ महिन्यांनी ती मला बाजारात भेटली. हळूच म्हणाली, “ताई, पिशवी त काढली. मंग आता कायले जाते वो अंगावरून?” आम्ही नागपूरला नेलं. तिथं तिला पहिल्यांदा टेबलावर आडवं झोपवून, दिवा धरून, आतून तपासलं गेलं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता. पिशवी काढायच्या आधीपासून होता. तपासणी न करता पिशवी काढल्यानं पुढचे उपचार अवघड होऊन बसले होते. पोळ्याच्या आठवड्यात ती गेली.

अकरा कागद, सात माणसं, दोन वर्षं. त्यातल्या एकानंही तिला आतून तपासलं नव्हतं. मी त्या सातही जणांना नालायक म्हणणार नाही. प्रत्येकानं आपल्यापुढे आलेल्या पाच मिनिटांचं औषध दिलं. पण गेल्या वेळी काय झालं होतं, त्यानं बरं वाटलं का, नाही वाटलं तर आता वेगळं काय शोधायला हवं, हे विचारणारं माणूस कोणी नव्हतं. आणि पिशवी काढू की नको, हे तिनं ज्याला विचारावं असंही कोणी नव्हतं. म्हणून तिनं आम्हाला विचारलं, आणि आम्ही कर्ज दिलं.

फॅमिली डॉक्टर म्हणजे नुसता सर्दी-खोकल्याचा डॉक्टर नव्हे. ज्याला विचारता येतं तो डॉक्टर. हा माणूस आपल्याकडून हरवला आहे आणि त्याची सर्वांत जास्त किंमत बाई देते, एवढंच मला आज सांगायचं आहे. बाकीचं सगळं त्याचाच तपशील आहे.

पिशवीचं निघालं आहे तर बीडचं बोलून घेते. ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांवरून २०१९ साली गदारोळ झाला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीनं ८२,३०९ बायकांची पाहणी केली, त्यात १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. आपण तेव्हा मुकादमाच्या नावानं आणि नफेखोर दवाखान्यांच्या नावानं घोषणा दिल्या. त्या द्यायलाच हव्या होत्या. पण मला एक गोष्ट नंतर सुचली. पांढरं पाणी जातं म्हणून पहिल्यांदा एखादी बाई बोलली असेल, तेव्हा तिच्या वस्तीजवळ साध्या औषधानं ते बरं करणारं, तिला घाबरवून न टाकणारं कोणी असतं, तर ती त्या दवाखान्याच्या दारात पोचली असती का? आपल्याही पुसद, महागाव, उमरखेडच्या तांड्यांवरून बाया ऊस तोडायला जातात. त्यांच्यात किती जणींच्या पिशव्या काढल्या आहेत, हे आपण अजून मोजलेलं नाही.

आता थोडं मागे जाते. माझं लहानपण दारव्हा-दिग्रसच्या बाजूला गेलं. १९९५ च्या सुमाराला आमच्या गावात एक म्हातारे डॉक्टर होते. एलएमपी. नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलमधून शिकलेले. दवाखाना म्हणजे घराची पुढची खोली. कंपाउंडर काचेच्या बाटलीत लाल औषध भरून द्यायचा, बाटलीवर डोसाच्या खुणा कापलेली कागदाची पट्टी चिकटवलेली असायची. माझ्या वडिलांना लहानपणी कोणता ताप आला होता, आजोबा कशानं गेले, आईला कोणत्या औषधानं पुरळ उठतं, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. पैसे नसले तर पऱ्हाटी विकली की द्यायचे. ते गेले तेव्हा बाजार बंद होता. त्यांच्यानंतर त्या गावाला तसा डॉक्टर मिळाला नाही. त्यांचा मुलगा नागपूरला स्पेशालिस्ट आहे आणि त्या खोलीत आता मोबाइलचं दुकान आहे.

हे एलएमपी कुठे गेले, ते समाजकार्याचं एमए करताना मला कळलं. १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. सगळ्यांना सेवा मिळाली पाहिजे, पैसे नाहीत म्हणून कोणी वंचित राहता कामा नये, असं सांगणारा मोठा अहवाल तो. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना त्यातूनच आली. त्या वेळी देशात सुमारे ४७ हजार डॉक्टर होते आणि त्यातले जवळजवळ ३० हजार हे असे कमी मुदतीचा अभ्यासक्रम केलेले एलएमपी वगैरे होते. समितीनं ठरवलं की यापुढे एकाच दर्जाचा, पदवीधर डॉक्टर घडवायचा. सहा सदस्यांनी त्याला विरोध नोंदवला, पण ठरलं ते ठरलं. रॉबर्टसन स्कूलचंही १९४७ मध्ये मेडिकल कॉलेज झालं. गरिबाला दुय्यम डॉक्टर का, हा समितीचा प्रश्न चुकीचा नव्हता. पण खेड्यात राहणारी एक पिढी बंद झाली आणि तिच्या जागी येणारे पदवीधर शहरात राहिले. ती जागा मग मोटारसायकलवाल्यानं भरून काढली.

आज यवतमाळात दवाखान्यांच्या रस्त्यावरून चाला. हाडाचा डॉक्टर आहे, पोटाचा आहे, मेंदूचा आहे, मूळव्याधीचा आहे. अख्ख्या माणसाचा डॉक्टर सापडत नाही. आपल्याकडे १९८९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, म्हणजे डॉक्टर घडतच नाहीत असं नाही. पण आजच्या एमबीबीएस झालेल्या मुलाला किंवा मुलीला पाटी लावून बसायचंच नसतं. सक्तीच्या सेवेचं वर्ष म्हणजे पुढच्या प्रवेश परीक्षेच्या अभ्यासाचं वर्ष. टेबलाखाली पुस्तक. मी त्यांनाही दोष देत नाही. सहा वर्षं त्यांनी मोठ्या हॉस्पिटलातच शिक्षण घेतलं, शिकवणारे सगळे स्पेशालिस्ट. आरोग्य केंद्रात बसणं म्हणजे मागे पडणं, हेच त्यांच्या डोक्यात भरवलेलं. २०२२ पासून अभ्यासक्रमात आलं आहे की प्रत्येक विद्यार्थ्यानं गावातली काही कुटुंबं दत्तक घ्यायची. कल्पना चांगली आहे, पण ‘दत्तक’ हा शब्द मला खटकतो. आपण काय पोरक्या आहोत?

कागदावर हिशेब असा आहे: सपाट भागात ३० हजार लोकांमागे आणि आदिवासी-डोंगरी भागात २० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. केंद्राला डॉक्टरांची दोन पदं. आता या २० हजारांत झरी जामणीचे कोलाम पोड येतात, जिथून पावसाळ्यात काळीपिवळीही निघत नाही. डॉक्टर असला तरी सकाळची ओपीडी आणि कापूस वेचणी यांची वेळ एकच. वेचणीची मजुरी किलोवर. ओपीडीत गेलेल्या बाईची सकाळ गेली म्हणजे मजुरी गेली, वर गाडीभाडं. मग तिथं जाऊन दाराशी उभं राहून विचारायचं, “डॉक्टर हाये का?” नाही म्हटलं की परत. दोनदा परत आलेली बाई तिसऱ्यांदा जात नाही. ती दुखणं अंगावर काढते आणि आपण अहवालात लिहितो, ‘महिलांमध्ये आरोग्यविषयक जागृतीचा अभाव’. हे वाक्य मीसुद्धा लिहिलेलं आहे. आता लिहीत नाही.

पुरुषाचं काय, असं तुम्ही विचाराल. पुरुषाचंही वाईटच होतं. २०१७ आठवा. फवारणीच्या विषबाधेनं आपल्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. रुग्ण जुलैपासून येत होते. राज्यभर बोंब व्हायला सप्टेंबर संपून ऑक्टोबर उजाडला. मी डॉक्टर नाही, पण एवढं कळतं की एका गावातले तीन जण एकाच आठवड्यात उलट्या आणि अंधारी घेऊन एकाच ओळखीच्या डॉक्टरकडे गेले असते, तर त्यानं चौथ्याची वाट पाहिली नसती. फोन उचलला असता, पंप पाहायला शेतावर माणूस पाठवला असता. तीन जण तीन ठिकाणी गेले की तीन सुट्या केसेस होतात. आणि त्या फवारणीच्या पाण्याच्या कळशा कोणी वाहिल्या? विषात भिजलेले कपडे कोणी धुतले? त्या बायांना डोकं दुखतं, मळमळतं, हे कोणत्या कागदावर आहे? मी शोधलं. माझ्या ओळखीच्या एकीच्याही कागदावर नाही.

मारहाणीचंही तसंच आहे. आपल्याकडे सल्ला केंद्रावर येणारी बाई सांगते की मी चार वेळा दवाखान्यात गेले होते. चारही वेळा ‘पडली’ असं लिहिलेलं. चार वेगळे डॉक्टर. दर वेळी डॉक्टर नवा, म्हणून दर वेळी ती पहिल्यांदाच पडलेली. एकाच माणसानं चार वेळा ते अंग पाहिलं असतं, तर निदान चौथ्या वेळी त्यानं नवऱ्याला बाहेर बसायला सांगितलं असतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात दवाखान्यांवरही जबाबदारी टाकलेली आहे. पण कायदा डॉक्टरला लागू होतो, आणि आधी डॉक्टर तर हवा.

इथं मात्र मला त्या म्हाताऱ्या डॉक्टरांचं दुसरं अंग सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई जुन्या काळाच्या आठवणी काढून रडते आहे. माझ्या काकूला दोन मुलींनंतर लगेच तिसरं नको होतं. ती एकटी त्यांच्याकडे गेली आणि तांबी बसवता येईल का म्हणून विचारलं. डॉक्टर काही वाईट बोलले नाहीत. संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांनी ते माझ्या आजीला सांगितलं. घराण्याचा डॉक्टर, घराण्याच्या मोठ्या बाईला सांगणारच! त्या रात्री घरात काय झालं ते मी पांघरुणातून ऐकलं आहे. काकूला तिसरी मुलगी झाली, मग चौथा मुलगा.

म्हणजे तो आमच्या कुटुंबाचा डॉक्टर होता, काकूचा नव्हता. ‘फॅमिली’ या शब्दात आपली जागा नेहमीच कुठे असते ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून फॅमिली डॉक्टर परत आणा, असं म्हणताना मी जुना परत मागत नाही. ओळख हवी, आणि गुप्तताही हवी. दोन्ही एकत्र मागितल्या पाहिजेत. बाईचं बाईला आधी, आणि तिच्या परवानगीशिवाय कोणालाही नाही.

बाया दाखवत नाहीत, लाजतात, असं म्हणतात. राणी बंग यांनी गडचिरोलीत केलेला अभ्यास १९८९ साली लॅन्सेटमध्ये छापून आला, तो तुमच्यातल्या पुष्कळ जणींना माहीत आहे. दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, शंभरात ९२ जणींना स्त्रीरोग होता. आणि आधी कधी तपासणी झालेल्या फक्त आठ टक्के. त्या साडेसहाशे बायका तपासायला आल्याच ना! विश्वासाची बाई तपासणारी होती, गावात जाऊन तपासत होती. लाज तिथंही असणारच, पण ती वाटेत आडवी आली नाही. त्याला तीन तपांहून जास्त काळ झाला. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या तिशी ते पन्नाशीच्या बायकांपैकी गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी कधीतरी तपासणी झालेल्या शंभरात दोघीसुद्धा निघाल्या नाहीत. आणि ही तपासणी काही महागडी नाही. व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावून डोळ्यांनी पाहायचं. टाटा मेमोरियलनं मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाख बायकांवर अभ्यास केला, त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये जाहीर झाले. दहावी शिकलेल्या बायकांना शिकवून ही तपासणी केली तर त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. (त्या अभ्यासात निम्म्या बायकांना तपासणीविना ठेवलं, यावरून वाद झाला. तो रास्त होता, तोही विसरू नका.) माझ्या पिशवीतली बाई अशी तपासली गेली असती तर आज कदाचित इथं बसली असती.

आता मी एक फजिती सांगते. आमच्या भागातल्या एका आरोग्य केंद्रात डॉक्टर कधी असतात याची आम्ही तीन महिने वही ठेवली. गटातल्या बाया पाळीपाळीनं जाऊन लिहायच्या. रिकामे दिवस बरेच भरले. मग वही घेऊन चाळीस जणी गेलो. घोषणा देत गेलो. समोर पंचवीस-सव्वीस वर्षांची डॉक्टर मुलगी उभी राहिली. कंत्राटी, अकरा महिन्यांच्या करारावर. दुसरं पद रिकामं. आम्ही वाचून दाखवलेल्या प्रत्येक रिकाम्या दिवसाचं उत्तर तिच्याकडे होतं. या दिवशी व्हीसी, या दिवशी शिबिर, या दिवशी आश्रमशाळेची तपासणी, या दिवशी शवविच्छेदन. आपल्या जिल्ह्यात शवविच्छेदनं का निघतात ते मी तुम्हाला सांगायला नको. मग ती रडायला लागली. म्हणाली, तुम्ही मला रात्री मुक्कामी राहा म्हणता, माझ्या क्वार्टरच्या दाराला आतून कडी नाही. तीनदा अर्ज केला.

चाळीस जणींपैकी एकीनंही पुढची घोषणा दिली नाही. मोर्चा घेऊन गेलेलो आम्ही चहा पिऊन परत आलो. परतताना ट्रॅक्टरमध्ये भांडण झालं. काही जणी म्हणाल्या, तुम्ही शिकलेल्या बाया शिकलेल्या बाईच्या रडण्याला भुलता, आमच्या रडण्याचं काय? हा सवाल खोटा नाही. मी अजून त्याचं पुरतं उत्तर देऊ शकलेले नाही. कडी मात्र सरपंचाच्या मागे लागून आठ दिवसांत बसवली. नंतर ती मुलगी रात्री राहू लागली, आणि दोन बाळंतपणं तिथंच सुखरूप झाली. करार संपला तशी ती गेली. आता कोण आहे, ते विचारू नका.

आनंदीबाई जोशींनी १८८३ साली सेरामपूरच्या भाषणात हेच सांगितलं होतं की या देशात स्त्री डॉक्टरांची गरज आहे. आज मुली भरपूर डॉक्टर होतात. त्यांना गावात पाठवतो आणि वाऱ्यावर सोडतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरनं आत्महत्या केली, तळहातावर आरोप लिहून. आरोप होता पोलिस अधिकाऱ्यावर, अत्याचाराचा. खटल्याचं जे व्हायचं ते होईल. पण ‘आम्हाला बाई डॉक्टर हवी’ ही मागणी करणाऱ्या आपण, त्या बाईच्या दाराच्या कडीची मागणी सोबत करणार आहोत की नाही?

डॉक्टर मिळत नाही तर आशा आहेच, सीएचओ आहे, असं आता सांगितलं जातं. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या बायकांना शिकवून काय करता येतं ते दाखवलं. निरक्षर, दलित, टाकलेल्या बायका, आणि त्यांनी गावाचं आरोग्य बदललं. मला त्यांच्याबद्दल नितांत आदर आहे. पण तिथं गावातल्या बाईच्या पाठीशी डॉक्टर उभे होते, दर आठवड्याला शिकवणारे, अडलं की धावून येणारे. आपली आशा एकटी आहे. तिला पगार नाही, मानधन आहे, आणि ते वाढवून घ्यायला तिला २०२३-२४ मध्ये दोन-दोनदा संप करावा लागला, आझाद मैदानात बसावं लागलं. उपकेंद्रांना २०१८ पासून समुदाय आरोग्य अधिकारी मिळू लागले, पुढे केंद्राचं नाव आयुष्मान आरोग्य मंदिर झालं. आपल्याकडे त्यातले पुष्कळ आयुर्वेदाचे पदवीधर आहेत. त्यांनी ॲलोपॅथी द्यावी की नाही, होमिओपॅथीवाल्यांचा एक वर्षाचा कोर्स पुरे की नाही, यावर डॉक्टरांच्या संघटना भांडतात. २०१४ च्या कायद्यापासून चालू आहे. त्या भांडणात आपण कोणाच्या बाजूनं उतरू नये असं माझं मत आहे. आपण एवढंच विचारावं, की हे करायला तुम्हाला कोणी आणि किती शिकवलं, आणि तुम्हाला जमलं नाही तर त्याच दिवशी मला पुढे कोण नेणार?

योजनांचंही सांगते. २०१२ पासून आधी राजीव गांधींच्या आणि आता महात्मा फुले यांच्या नावानं योजना आहे. मोठ्या ऑपरेशनला, दवाखान्यात भरती झाल्यावर पैसे मिळतात. चांगलंच आहे, आमच्या कित्येकींना उपयोग झाला. पण ऑपरेशनची गरज आहे का, हे पंधरा मिनिटं बसून विचारणाऱ्या डॉक्टरला त्यात पैसे नाहीत. ज्या कामाला पैसे मिळतात ते काम वाढतं, हे आपल्याला रोजगार हमीवर काम करून कळलेलं आहे.

ब्राझीलनं १९९४ पासून वेगळं केलं. एक डॉक्टर, एक नर्स, गावातल्या काही कार्यकर्त्या, आणि त्यांच्या नावावर ठरावीक घरं. ही घरं तुमची, यांचं काही झालं तर तुम्हाला विचारणार. थायलंडनं खेड्यातल्याच मुलामुलींना निवडून डॉक्टर केलं आणि खेड्यातच नेमलं. आपल्या आश्रमशाळेत कोलाम, गोंड मुली शिकतात. नीटच्या क्लासची फी भरून त्यातली कोण डॉक्टर होणार आहे?

मागण्यांचा मसुदा तुमच्या हातात आहे, मी वाचत बसत नाही. फक्त दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवते. पहिलं, ‘रिक्त पदे भरा’ एवढं लिहून भागणार नाही. एक डॉक्टर एका जागी किमान तीन वर्षं, अकरा-अकरा महिन्यांचे करार बंद, आणि प्रत्येक केंद्रात आठवड्यातून ठरलेल्या दिवशी संध्याकाळी, वेचणीनंतर, बाई डॉक्टरची ओपीडी, बंद दाराच्या खोलीत. दुसरं, मसुद्यात डॉक्टरांच्या क्वार्टरचा उल्लेखच नाही. तो घाला, नाहीतर ट्रॅक्टरमधलं भांडण पुन्हा होईल. ग्रामसभा आहे, रुग्ण कल्याण समिती आहे, त्यात बाया सभासद आहेत, सह्यांपुरत्या. २००७ पासून राज्यातल्या काही जिल्ह्यांत लोकांनी देखरेख करून जनसुनवाया घेतल्या, अधिकाऱ्यांना सगळ्यांसमोर उत्तरं द्यायला लावली. आपल्याला ते करता येण्यासारखं आहे.

आणि घरी गेल्यावर एक करा. आपापल्या गटातल्या बायांच्या कागदांच्या पिशव्या मागवा. प्रत्येकीकडे असते, पत्र्याच्या पेटीत, नाहीतर खुंटीला. कागद तारखेवार लावा, एका वहीत लिहून काढा: काय झालं, कोणी पाहिलं, काय दिलं, बरं वाटलं का. आम्ही बारा गटांत सुरू केलं आहे. बाई डॉक्टरकडे जाताना ती वही नेते. वही तिची, नवऱ्याची नाही, सासूची नाही, आणि गटाच्या अध्यक्षेचीही नाही. यावरून आमच्याकडे एकदा वाद झाला म्हणून मुद्दाम सांगते. काही डॉक्टर वही पाहून चिडतात. एकानं मात्र शांतपणे वाचली आणि बाईला म्हणाला, बाई, तुम्हाला आतापर्यंत तेच औषध चार वेळा दिलं आहे, आपण आता तपासू या.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी आम्ही जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे वह्यांतल्या नोंदी घेऊन जाणार आहोत, नावं झाकून. प्रत्येक तालुक्यातून दोघी हव्यात. झरी जामणी आणि महागावमधून अजून कोणी नाही. चहाच्या टेबलापाशी कागद ठेवला आहे, त्यावर नाव लिहा. मघाशी उठलेल्या दोघी तिथंच असतील, आधी त्यांची लिहून घ्या.